समासातील लेखन : एक दुर्लक्षित साधन

१

ग्रंथातील मजकुराभोवती जी कोरी जागा सोडलेली असते तिला आपण समास म्हणतो. व्याकरणातील समास आणि दासबोधाच्या दशकांतील समास यांहून हा अर्थ निराळा होय. ही जागा सोडण्याचा मूळ हेतू व्यावहारिक आहे. पाने हाताळताना प्रथम कडा झिजतात व डागळतात, आणि मजकूर त्यांपासून दूर राहिला तरच तो टिकतो. परंतु कोरी जागा ही वाचकाला नेहमीच एक प्रकारचे आमंत्रण वाटत आली आहे. राहून गेलेले अक्षर, कठीण शब्दाचा अर्थ, दुसऱ्या प्रतीतील पाठ, एखादा आक्षेप, एखादी आठवण, नुसती उभी रेघ किंवा मजकुराकडे बोट दाखविणारा हात, असे नाना प्रकारचे लेखन वाचक या जागेत करीत आले आहेत. या सर्वांस प्रस्तुत लेखात ‘समासटीप’ ही एकच संज्ञा वापरली आहे.

ग्रंथ कोणी लिहिला, तो केव्हा छापला गेला, त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या, यांविषयीची साधने अभ्यासकाला बहुधा उपलब्ध असतात. परंतु तो ग्रंथ वाचला कसा गेला, या प्रश्नाला उत्तर देणारी साधने फार थोडी. लेखनाचा अवशेष मागे राहतो. वाचन मात्र वाचकाच्या मनात घडते आणि तेथेच विरून जाते. या नियमाला जे थोडे अपवाद आहेत त्यांत समासटीप हा सर्वांत प्रत्यक्ष असा अपवाद होय. असे असूनही आपल्याकडील ग्रंथालयांत व संशोधनात तिची गणना बहुधा पुस्तकावरील डागांतच केली जाते. या साधनाचे मोल कोणते, त्याचा उपयोग करताना कोणते धोके संभवतात, आणि ते आज कोणत्या कारणांनी नष्ट होत आहे, या तीन मुद्द्यांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

२

प्रथम आपल्या हस्तलिखित परंपरेकडे पाहू. पोथी लिहून झाली म्हणजे ती मूळ प्रतीशी ताडून पाहून शुद्ध करण्याची रीत होती. चुकीचे अक्षर हरताळाच्या पिवळ्या लेपाने झाकून टाकीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार याच क्रियेवरून आला आहे. अक्षर वा ओळ गळाली असेल तर त्या ठिकाणी काकपदाचे अथवा हंसपदाचे चिन्ह करून गळलेला भाग समासात लिहीत, आणि तो कोणत्या ओळीतील हे कळावे म्हणून पुष्कळदा ओळीचा अंकही घालीत. सटीक ग्रंथांत तर समासाचे क्षेत्रच वाढविलेले दिसते. पानाच्या मध्यभागी मूळ आणि वरखाली टीका अशी मांडणी असल्यास त्या पोथीला त्रिपाठ म्हणत. टीका चारही बाजूंनी असली तर ती पंचपाठ. मुळाच्या भोवती दुसऱ्याचे लेखन असणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अशी पूर्ण परिचयाची होती.

तथापि एकाच समासात तीन भिन्न स्वरूपांचे लेखन नांदत असे, आणि पाठचिकित्सेतील एका मोठ्या अडचणीचे मूळ येथेच आहे. पहिले लेखन म्हणजे लेखकाच्या नजरचुकीने गळलेला, म्हणजे वस्तुतः मूळ ग्रंथाचाच भाग. दुसरे म्हणजे पाठांतर किंवा शब्दार्थ. हा मुळाविषयीचा मजकूर असतो, मुळातला नव्हे. तिसरे म्हणजे वाचकाला प्रसंगाने सुचलेला अथवा अन्यत्र आढळलेला श्लोक, दृष्टांत वा कथाभाग. तो सर्वस्वी बाहेरचा. पोथीच्या स्वामीला हा भेद ठाऊक असे. पन्नास वर्षांनी त्याच पोथीवरून नवी प्रत करणाऱ्या लेखकाला तो ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काही गाळल्याचा दोष आपल्याकडे येऊ नये, ही त्याची स्वाभाविक चिंता. म्हणून समासात जे जे दिसे ते ते तो मजकुरात घेई. अशा रीतीने वाचकाची टीप पुढच्या पिढीत ग्रंथकाराचे वचन बनून जाई.

या क्रियेची एक खूण अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समासातील श्लोकाचे मजकुरातील स्थान पुष्कळदा निश्चित नसते. एक लेखक तो आधीच्या श्लोकानंतर घालतो, तर दुसरा चार श्लोक पुढे. म्हणून एखादा श्लोक काही प्रतींत मुळीच नसेल आणि ज्यांत असेल त्यांत निरनिराळ्या ठिकाणी येत असेल, तर तो समासातून आत आला असावा असा संशय घेण्यास जागा असते. हा संशय म्हणजे सिद्धांत नव्हे. परंतु चिकित्सेचा आरंभ तेथून करता येतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली हाती घेऊन 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत या प्रश्नाचे भव्य स्वरूप पाहावयास मिळते. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी संपादिलेल्या आदिपर्वाच्या पाठटीपा चाळल्या तर अमुक ओळ अमुक पोथीत समासात आहे, अमुक पोथीत ती मागाहून जोडलेल्या पानावर आहे, अशा नोंदी वारंवार आढळतात. वरवर पाहणाऱ्यास त्या रुक्ष वाटतील. वस्तुतः एखादा मजकूर ग्रंथाच्या उंबरठ्यावर उभा असतानाच त्यांत टिपला गेला आहे. तो अजून बाहेर आहे, पण त्याच पोथीवरून पुढची प्रत झाली असती तर तो आत आला असता. समासातील आणि मजकुरातील लेखन असा भेद त्या संपादकांनी नोंदविलाच नसता, तर प्रक्षेपाच्या वाटा आपणांस अंधारातच चाचपाव्या लागल्या असत्या. सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर याने आपल्या टीकेसाठी निरनिराळ्या प्रदेशांतील पोथ्या जमवून पाठ निवडले असे तो स्वतःच सांगतो. ज्या विद्वत्तेमुळे पाठांतरे समासात येतात तिच्यामुळेच परंपरांची सरमिसळही होते, हा या क्षेत्रातील एक अटळ विरोध आहे.

३

मुद्रणानंतर हा धोका बऱ्याच अंशी टळला, कारण छापील अक्षर आणि हाताचे अक्षर यांत गल्लत होण्याचे कारण उरले नाही. त्याबरोबर समासटिपेचे मोलही बदलले. एकाच आवृत्तीच्या शेकडो सारख्या प्रती शेकडो वाचकांच्या हाती गेल्या. मजकूर सर्वत्र तोच असल्यामुळे प्रतींमधील फरक हा केवळ वाचकांमधील फरक ठरला. याचा पद्धतशीर उपयोग कसा करता येतो याचे सर्वोत्तम उदाहरण कोपर्निकसच्या ग्रंथाचे आहे.

आकाशस्थ गोलांच्या परिभ्रमणांविषयीचा कोपर्निकसचा ग्रंथ 1543 साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाला, आणि त्याची दुसरी आवृत्ती 1566 साली बाझल येथे निघाली. आर्थर केस्लर यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात, हा ग्रंथ कोणीच वाचला नाही, असे विधान केले. ग्रंथ अत्यंत क्लिष्ट असल्याने ते विधान पुष्कळांना पटलेही. 1970 साली अमेरिकन ज्योतिर्विद ओवेन गिंगरिच यांना एडिंबरो येथील वेधशाळेच्या ग्रंथालयात पहिल्या आवृत्तीची एक प्रत पाहावयास मिळाली. ती आरंभापासून अखेरपर्यंत टिपांनी भरलेली होती, आणि त्या टिपा विटेनबर्गचा प्राध्यापक एराझ्मस राइनहोल्ड याच्या असल्याचे निष्पन्न झाले. कोणी वाचलाच नाही असे म्हटलेल्या ग्रंथाचा निदान एक वाचक तरी अशा रीतीने सापडला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे गिंगरिच यांनी जगभरच्या ग्रंथालयांतून या दोन आवृत्त्यांच्या सुमारे सहाशे प्रतींचा शोध घेऊन त्यांची सटीप गणना 2002 साली प्रसिद्ध केली.

या गणनेतून जे हाती आले ते कोणत्याही चरित्रातून वा पत्रव्यवहारातून मिळण्यासारखे नव्हते. एक तर, त्या काळच्या प्रमुख ज्योतिर्विदांनी हा ग्रंथ वाचला होता आणि बारकाईने वाचला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सूर्य मध्यस्थानी आहे हे प्रतिपादन ज्या पहिल्या भागात येते तेथे राइनहोल्डच्या टिपा विरळ आहेत. ग्रहगतींच्या गणिताच्या भागात त्या दाट होत जातात. खस्थ गती ही सम व वर्तुळाकार, अथवा अशा गतींची बनलेली असते, हे तत्त्व त्याने मुखपृष्ठावरच लिहून ठेविले आहे. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण कोपर्निकसला क्रांतिकारक मानतो ती त्याच्या या अत्यंत चोखंदळ वाचकाला गौण वाटली. टॉलेमीच्या गणितातील विषमगतीची अडचण दूर झाली, हे त्याला मोठे वाटले. ग्रंथाचे महत्त्व लेखकाने एका ठिकाणी मानावे, समकालीन वाचकाने दुसऱ्या ठिकाणी आणि इतिहासाने तिसऱ्या ठिकाणी, असे पुष्कळदा घडत असले पाहिजे. येथे मात्र त्याचा लेखी पुरावा आहे.

तिसरी गोष्ट ग्रंथनिर्बंधाविषयीची. रोमच्या धर्मसत्तेने 1616 साली हा ग्रंथ दुरुस्त्या होईपर्यंत स्थगित केला आणि 1620 साली त्या दुरुस्त्यांची यादी जाहीर केली. प्रत्येक मालकाने त्या हाताने करावयाच्या होत्या. यादीवरून निर्बंधाचा हेतू कळतो, अंमल कळत नाही. प्रती पाहिल्यावर असे दिसले की इटलीतील निम्म्याहून अधिक प्रतींत त्या दुरुस्त्या केलेल्या आहेत, आणि इतर देशांत मात्र त्या फारच तुरळक आहेत. गॅलिलिओच्या स्वतःच्या प्रतीतही दुरुस्त्या आहेत. परंतु छाटलेला मजकूर वाचता येईल इतक्या हलक्या हाताने त्या केल्या आहेत. आज्ञेचे पालन आणि आज्ञेविषयीचे मत अशा दोन्ही गोष्टी त्या एका रेघेत पाहावयास मिळतात.

४

येथवरच्या विवेचनावरून समासटीप म्हणजे वाचकाच्या मनात डोकावण्याची निर्वेध खिडकीच होय, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. इतर कोणत्याही साधनाप्रमाणे याही साधनाची परीक्षा करावी लागते, आणि ती करताना निदान चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, टीप कोणाची? पुस्तकावर ज्याचे नाव त्याचीच टीप, हे गृहीत धरता येत नाही. पुस्तके विकली जातात, वारशाने जातात, उसनी दिली जातात. व्हॅटिकनमधील कोपर्निकसच्या एका प्रतीवरील टिपा टायको ब्राहेच्या होत असे गिंगरिच यांनी आरंभी मानले होते. पुढे तशाच हस्ताक्षरातील इतर प्रती तपासल्यावर त्या पॉल विटिख या दुसऱ्याच गणितज्ञाच्या असल्याचे ठरले, आणि 1988 साली रॉबर्ट वेस्टमन यांच्यासह त्यांनी तसे सविस्तर मांडले. एका मोठ्या नावाच्या मोहाने टीप त्या नावाला चिकटविणे किती सोपे असते, आणि इतर प्रतींशी तुलना केल्यावाचून ती सोडविणे किती कठीण, याचा हा वस्तुपाठ होय.

दुसरा प्रश्न, टीप स्वतंत्र की उतरून घेतलेली? राइनहोल्डच्या टिपा त्याच्या शिष्यपरिवाराने आपापल्या प्रतींत उतरवून घेतल्याचे दिसून आले आहे. अशा प्रतीत टीप पाहून त्या वाचकाने स्वतः तसा विचार केला असे म्हणता येणार नाही. परंतु तिचा दुसरा उपयोग होतो. कोणाची टीप कोणाकडे गेली हे पाहता गुरुशिष्यांचे व स्नेह्यांचे एक जाळेच उलगडत जाते. म्हणजे टीप एका गोष्टीचा पुरावा म्हणून अग्राह्य ठरली तरी दुसऱ्या गोष्टीचा पुरावा म्हणून ग्राह्य राहते.

तिसरा प्रश्न, टीप कोणासाठी? फ्रेंच गणिती फर्मा याने डायोफँटसच्या ग्रंथाच्या 1621 सालच्या आवृत्तीच्या समासात, दोनांहून मोठ्या घातांविषयीच्या एका प्रमेयाची आपल्याकडे सुंदर सिद्धता आहे, परंतु समास तिला अपुरा पडतो, अशी टीप लिहिली. ती त्याने स्वतःसाठी लिहिली होती. प्रसिद्ध केली नव्हती. त्याच्या मृत्यूनंतर पुत्राने 1670 साली वडिलांच्या टिपांसह तो ग्रंथ छापला, तेव्हा ते खाजगी टाचण एकाएकी गणितशास्त्राला दिलेले आव्हान होऊन बसले. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता 1995 साली प्रसिद्ध होईपर्यंत ते आव्हान कायम होते. चतुर्थ घातापुरती आवश्यक असलेली युक्ती फर्माच्याच दुसऱ्या एका टिपेत आढळते. सर्वसामान्य सिद्धता मात्र त्याच्या कोणत्याही लेखनात नाही. स्वतःशी बोलताना मनुष्य जे म्हणतो ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील विधान म्हणून वाचणे न्यायाचे नव्हे. फर्माची ती मूळ प्रत आज उपलब्ध नाही, हेही ध्यानात ठेवावे. छापली गेली म्हणूनच टीप राहिली.

याच्या उलट उदाहरण कोलरिज या इंग्रज कवीचे. त्याच्या टिपांची ख्याती इतकी होती की मित्र आपली पुस्तके त्याला मुद्दाम देत. चार्ल्स लँब याने तर पुस्तक उसने द्यावयाचे तर कोलरिजला द्यावे, म्हणजे ते सव्याज परत येते, अशा आशयाचा विनोद केला आहे. कोलरिजच्या काही टिपा 1819 साली नियतकालिकात छापूनही आल्या, आणि त्यांची समग्र आवृत्ती 1980 ते 2001 या काळात सहा खंडांत निघाली. दुसरा कोणी वाचणार आहे हे जाणून लिहिलेली ही टीप एक वाङ्मयप्रकारच होय. तिच्यात विचार अधिक सुघटित असतो. परंतु अभावितपणा कमी असतो.

चौथा प्रश्न, मौनाचा अर्थ काय? टीप नाही म्हणजे वाचन नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. काही अत्यंत सावध वाचक पुस्तकावर रेघही ओढीत नाहीत. त्यांची टिपणे वहीत असतात. मौन अर्थपूर्ण ठरते ते एकाच प्रतीच्या अंतर्गत तुलनेने. जो वाचक सर्वत्र लिहितो तो एखाद्या प्रकरणात थांबला, तर त्या थांबण्याला अर्थ आहे.

५

मराठी अभ्यासकाला जवळचे असे एक उदाहरण येथे घेतले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, आणि तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे एक अध्यापक होते. 1936 सालच्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या निबंधात त्यांनी ड्यूईंचा गुरू म्हणून निर्देश केला आहे. तथापि ऋणाचा उल्लेख ही एक गोष्ट आणि ऋणाचे स्वरूप ही दुसरी. बाबासाहेबांच्या संग्रहातील काही ग्रंथ मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत, आणि त्यांत लोकशाही व शिक्षण यांविषयीचा ड्यूईंचा 1916 सालचा ग्रंथही आहे. रंगीत पेन्सिलींनी रेखांकित केलेल्या या ग्रंथांचा अभ्यास अमेरिकन संशोधक स्कॉट स्ट्राउड यांनी केला, आणि कोणत्या परिच्छेदांवर खुणा आहेत व त्यांतील कोणते विचार पुढे बाबासाहेबांच्या लेखनात कोणत्या रूपाने अवतरले, याची तुलना 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली.

या तुलनेचे महत्त्व असे की प्रभाव या सैल शब्दाला तिने निश्चित आधार मिळतो. वाचकाने काय उचलले, काय सोडले आणि उचललेल्याला कोणते नवे वळण दिले, हे रेखांकित पान आणि लिहिलेले पान शेजारी ठेवून पाहता येते. अमेरिकन लोकशाहीच्या संदर्भात लिहिलेला विचार जातिसंस्थेच्या मीमांसेत येतो तेव्हा तो तसाच राहत नाही. हा बदल हीच त्या वाचकाची प्रज्ञा होय. वर सांगितलेली सावधगिरी अर्थात येथेही हवी. नुसत्या रेघेला तारीख नसते. ती पहिल्या वाचनाची की वीस वर्षांनंतरच्या पुनर्वाचनाची हे रेघ सांगत नाही. त्याकरिता इतर पुराव्याची जोड लागते.

६

आता शेवटचा मुद्दा. हे साधन नष्ट होण्याची कारणे बहुतांशी चांगल्या हेतूंची आहेत. पुस्तकाची पुनर्बांधणी करताना बांधणावळ कडा छाटतो, आणि टिपांची अखेरची अक्षरे कापली जातात. स्वच्छतेच्या आस्थेने पेन्सिलीच्या खुणा खोडल्या जातात. जागेच्या टंचाईमुळे दुबार प्रती रद्दीत निघतात, आणि तसे करताना मळलेली, लिहिलेली प्रत काढून टाकून कोरी प्रत ठेवली जाते. एखाद्या विद्वानाचा संग्रह ग्रंथालयाला देणगीदाखल मिळाला की तो विषयवार विखुरला जातो, आणि कोणते पुस्तक त्याचे होते हे दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही. अलीकडे ग्रंथांची संगणकीय छायाचित्रे घेतली जातात तेव्हाही स्वच्छ प्रत निवडण्याकडेच कल असतो. एक प्रत पाहिली म्हणजे ग्रंथ पाहिला, ही समजूत या सर्वांच्या मुळाशी आहे. ती मजकुरापुरती खरी आहे; वाचनाच्या इतिहासापुरती नाही.

यावर काही साधे उपाय सुचविता येतील. सूचिपत्रात प्रतीवरील स्वाक्षरी, दिनांक, देणगीदार आणि समासटिपा यांची एका ओळीत का होईना नोंद असावी. दुबार प्रत निकालात काढण्यापूर्वी ती पाने उलटून पाहावी. जुन्या पुस्तकाची बांधणी करताना कडा छाटू नयेत अशी लेखी सूचना द्यावी. देणगीदाखल आलेल्या संग्रहाची पुस्तके विखुरण्यापूर्वी मूळ यादी करून ती जतन करावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीस मोठा खर्च लागत नाही.

विद्यार्थी येथे एक रास्त शंका काढतील. समासटीप इतकी मोलाची, तर ग्रंथालयाच्या पुस्तकावर लिहिण्यास मज्जाव का? याचे उत्तर असे की ग्रंथालयाची प्रत अनेकांची असते. तिच्यावर परीक्षेपुरत्या ओढलेल्या रेघा पुढच्या वाचकाचे लक्ष आपल्या दिशेने ओढतात, आणि अनामिक व अनेकांच्या असल्यामुळे इतिहासालाही त्यांचा उपयोग नसतो. नियम आजच्या वाचकाच्या सोयीसाठी आहे, आणि तो पाळलाच पाहिजे. जुनी टीप जपणे हे त्याच्या विरुद्ध नाही, कारण जे लिहिले गेले ते आता त्या प्रतीचा भाग झाले आहे. स्वतःच्या पुस्तकावर मात्र अवश्य लिहावे. पहिल्या पानावर नाव व दिनांक घालावा, टिपेत आपले मत आणि दुसऱ्याचे मत यांत भेद राखावा, आणि पुन्हा वाचताना मत बदलले तर जुनी टीप न खोडता तिच्याखाली नवी लिहावी.

पोथी शुद्ध करणाऱ्या जुन्या शोधकाने समासात ओळीचा अंक घातला तो पुढच्या अनोळखी लेखकाची दिशाभूल होऊ नये म्हणून. टीप लिहिणाऱ्याने व ती जपणाऱ्याने तेवढीच दक्षता बाळगली, तर पुढील अभ्यासकाला आपल्या पिढीने काय वाचले याबरोबरच ते कसे वाचले, हेही सांगता येईल.